सीलला लावलेले पूजेचे तेल

१८ सप्टेंबर २०२४, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. बेहालातल्या रबर कारखान्यात मी शिरले तेव्हा आदल्या दिवशीच्या विश्वकर्मा पूजेचा झेंडू अजून यंत्रांवर होता. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. तक्रार टेबलावर मांडलेल्या, मी आखलेल्या रबरी सीलांबद्दल होती. प्रत्येकावर सिंदुराचा टिळा होता आणि टोकापासून टोकापर्यंत तेल चमकत होते.

रणगाड्यासारखी साखळीपट्ट्यांवर धावणारी, पण नदी आली की तरंगत पलीकडे जाणारी लष्कराची चिलखती गाडी असते. तिच्या पोटात जवान बसतात. गाडीच्या मागच्या दारातून पाणी आत येऊ नये म्हणून ही सीले होती. सील दाराच्या खाचेत चिकटवावे लागते आणि तेलकट रबरावर गोंद धरत नाही. हे मी कारखान्यात वारंवार सांगितले होते.

"दादा, तेल कोणी लावलं?"

"सगळ्यांनी मिळून, दीदी," कारखान्याचे वयस्कर बंगाली मालक हिंदीत म्हणाले. "यंत्रांची पूजा करायची आणि फौजेत जाणाऱ्या मालाला तसंच ठेवायचं? आता गाडी बुडायची नाही."

"पाण्याला पूजा कळत नाही, दादा."

"कालच तुम्ही मराठी लोकांनी गणपती बुडवलात. बुडण्याबाबत तुमचं कसं ऐकायचं?"

माझा संताप आणखी वाढला. नवा माल निघायला आठवडा लागणार होता आणि गाडीची पाण्यातली चाचणी परवावर आली होती. आमच्या कंपनीच्या न्यू टाउनमधल्या ऑफिसातून साहेबांनी फोनवर फर्मावले, "पुसून पाठव. चाचणी चुकली तर दुसऱ्या कंपनीचं सील बसेल, आणि तुझं प्रमोशनही विसर." खरे सांगायचे तर मीही मनात तोच हिशेब करत होते.

एक सील द्रावकाने घासून पुसले, चाचणीच्या चौकटीत चिकटवले आणि गोंद सुकल्यावर चौकट हौदात उतरवली. तासाला पन्नास मिलिलिटरपर्यंत गळती चालते. त्याच्या आत राहिली तर माल पाठवायचा, असे मी ठरवले.

सुरुवातीला आतली बाजू कोरडी राहिली. मालकांनी चहा मागवला. मग एका कोपऱ्यात सील उचलले गेले आणि पाण्याची बारीक धार आत आली.

"थोडंच आहे, दीदी."

"आत तुम्ही बसाल?"

तास भरल्यावर आत आलेले पाणी मोजपात्रात ओतले; ते पन्नासच्या खुणेच्या कितीतरी वर गेले. मी साहेबांना फोन लावून माल येणार नसल्याचे सांगितले.

"आकडा काय आला?" त्यांनी त्रासिक आवाजात विचारले.

मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धरून मी आकडा वाचून सांगितला आणि तोच नोंदवला: चारशे दहा मिलिलिटर.