सुधारण्याजोगी एक गोष्ट

निवृत्तीनंतर चाकणच्या एका कंपनीने मला शिकाऊ मुलांना बोलायला शिकवण्याचे काम दिले. यंत्र चालवायला त्यांना दुसरे लोक शिकवीत. माझ्याकडे सादरीकरण आणि एकमेकांच्या कामावर मत देणे, एवढाच विषय होता.

मुले शिफ्ट सुटल्यावर कंपनीतच डिप्लोमाच्या वर्गाला बसत. शेवटी तिघातिघांच्या गटाने लाइनवरची एक अडचण सोडवून ती साहेबांपुढे मांडायची. प्रत्येक गटातील एकाला कंपनी कायम करणार आणि उरलेल्या दोघांना ब्रेक देणार. या पट्ट्यात ब्रेक म्हणजे विश्रांती नव्हे. ओळखपत्र परत करायचे आणि दुसऱ्या कंपनीच्या गेटवर जाऊन उभे राहायचे. तिघांनी मिळून काम करावे आणि त्यातून एकानेच उरावे, या रचनेविषयी माझे मत मी वरिष्ठांना एकदा सांगितले होते. त्यांनी ते ऐकून घेतले.

ज्या मुलीविषयी लिहितो आहे ती इथल्याच जुन्या गावची. कंपनीचा पार्किंग लॉट तिच्या आजोबांच्या शेतावर आहे, असे तिच्या गटातला कोकणातला मुलगा चेष्टेने सांगे. ते खरे होते. तिच्या थोरल्या भावाला एकामागून एका कंपनीने ब्रेक दिला होता आणि तो आता घरीच बसून असे. घरात ठरले होते की ही कायम झाली तर डिप्लोमा पुरा करील, नाही तर शिक्षण तिथेच थांबेल. हे तिने मला पहिल्याच आठवड्यात हजेरी द्यावी तशा आवाजात सांगितले. गटातला तिसरा मुलगा लातूरकडचा, कमी बोलणारा.

माझ्या वर्गात ‘मस्त’ या शब्दाला बंदी होती. कोणाचेही सादरीकरण झाले की ऐकणाऱ्याने दोन गोष्टी सांगायच्या. एक जमलेली, एक सुधारण्याजोगी. दुसरी सापडली नाही, हे उत्तर मी चालवून घेत नसे.

ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा सर्व वेळ पडद्याकडे तोंड करून वाचत राहिली.

“जमलेली गोष्ट म्हणजे पळून नाही गेली,” कोकणातला म्हणाला. “सुधारायची म्हणजे, आम्हाला नुसती वेणी दिसली. वेणी चांगली बोलते, पण आवाज येत नाही.”

वर्ग हसला. ती बाहेर गेली, तोंड धुऊन परत आली आणि म्हणाली, “परत घेऊ का, सर?”

त्यानंतर तिने कोणालाच सोडले नाही. कॅन्टीनमध्येही ताट घेऊन समोर बसे. “दुसरी गोष्ट सांगा.”

“अगं, जेवू दे की माय,” लातूरचा म्हणे.

त्यांच्या गटाची अडचण अशी होती की ॲल्युमिनियमचे भाग दुसऱ्या शेडमध्ये जाईपर्यंत त्यांना पोचे पडत. सगळे यंत्राला दोष देत होते. ही मुलगी एक दिवस मालाच्या ट्रॉलीबरोबर एका शेडपासून दुसऱ्या शेडपर्यंत चालत गेली. वाटेतल्या स्पीड ब्रेकरवर भाग एकमेकांवर आपटल्याचा आवाज तिने ऐकला. तिथून उत्तर मिळाले. कोकणातल्याने पोचे मोजून तक्ता केला. लातूरच्याने टाकाऊ रबरी पट्टे कापून ट्रॉलीत कप्पे बसवले.

सरावात ती म्हणाली, “आम्ही ट्रॉलीबरोबर चालत गेलो.” तिचे ‘आमी’ घालवून तिथे ‘आम्ही’ बसवायला मला पुष्कळ दिवस लागले होते.

लातूरचा म्हणाला, “थांब. आम्ही म्हंजे कोण? मी तर गेलोच नव्हतो.”

“आमी म्हंजे मीच की!”

“मग मी म्हण ना.”

“आमच्यात बाया असं मी मी करत न्हाईत.”

“साहेबांना काय माहीत तुमच्यातलं?” कोकणातला म्हणाला. “तुझं चालणं ते तिघांत वाटून टाकतील.” मग आपला तक्ता गुंडाळत, “माझं काही म्हणणं नाही. मला चालेल.”

तेव्हापासून ती ‘मी’ या एका अक्षराच्या मागे लागली. माझी पुनावळ्याला जाणारी कंपनीची बस महामार्गावर अडकून राही. आपल्या गावच्या फाट्यावर उतरेपर्यंत ती माझ्या पुढच्या बाकावर असे आणि खिडकीच्या काचेत तिचे ओठ हलताना मला दिसत. एकदा मागे वळून म्हणाली, “तोंडातून निघतच न्हाई, सर. निघालं तर खोटं वाटतं. कसं व्हायचं?”

मी म्हणालो, “सराव कर.”

अंतिम दिवशी मी मागच्या रांगेत होतो. प्रशिक्षकाने बोलायचे नाही, असा नियम होता. तिने श्रोत्यांकडे तोंड करून, न अडखळता सारे मांडले. मग एका साहेबांनी विचारले, “ट्रॉलीबरोबर कोण गेलं होतं?”

तिचे ओठ बसमध्ये हलत तसे हलले. कोकणातला जमिनीकडे पाहत होता.

“मी,” ती म्हणाली. “मी एकटी गेले.”

“मग या दोघांची गरज काय होती?”

तिने दोघांकडे पाहिले. “यानं मोजलं नसतं तर माझं कुणी ऐकलं नसतं. आणि कप्प्यांची कल्पना याची. मी पोती अंथरा म्हणत होते. ते टिकणार नव्हतं, ते यानंच दाखवलं.”

त्या वर्षीच्या सादरीकरणांत याहून चांगले उत्तर मी ऐकले नाही.

कंपनीने लातूरच्या मुलाला कायम केले. साहेब मला म्हणाले, “हातानं काम करणारा हवाच होता. आणि कल्पना त्याची, हे तुमच्या मुलीनंच सांगितलं.”

ओळखपत्र परत करायच्या दिवशी ती माझ्या खोलीत आली. लातूरचा मुलगा बाहेर भिंतीला टेकून उभा होता. आत यायचे त्याला धैर्य होत नव्हते.

“सर, माझं सादरीकरण राहिलंय. मत सांगितलं न्हाई तुमी.”

“चांगलं झालं.”

“ही एकच झाली. दुसरी?”

“दुसरी नाही.”

“असं चालत न्हाई. तुमीच म्हणता.”

मी शोधले. तिचा आवाज, उभे राहणे, पडद्याकडे पाहणे, शब्द, थांबणे. प्रत्येक जागी ती सुधारली होती. एक उत्तर डोळ्यांपुढे होते आणि ते तिला देणे मला मान्य नव्हते. साहेबांपुढे खरे बोललीस, एवढेच चुकले, असे कोणत्या शिक्षकाने म्हणावे?

“सांगा की आमाला,” ती म्हणाली. “पुढल्या गेटावर उपेगी पडंल.”

बाहेरून सुरक्षारक्षकाने ओळखपत्रासाठी हाक मारली. ती जागची हलली नाही. माझ्याकडे पाहत उभी राहिली.

‘आमाला’ मी दुरुस्त केले नाही.