श्यामरावांच्या फ्रीजचे अडलेले पाणी

मोहाडीत जागेश्वर मिस्त्रीचे नाव होते ते पाणी ओढणाऱ्या इंजिनांसाठी. पार करडी गावापर्यंतचे शेतकरी त्यालाच बोलवत. फ्रीज मात्र १९८४च्या दिवाळीपर्यंत त्याने आतून पाहिलाही नव्हता.

तो फ्रीज होता भात गिरणीवाले श्यामराव यांचा. बर्फाच्या कप्प्याखालच्या तबकात पाणी साचे, गोठे, दार लागेनासे होई. नागपूरचा कारागीर दोनदा येऊन बर्फ फोडून गेला. आठ दिवसांत पुन्हा तेच. शेवटी श्यामरावांच्या पत्नी रत्नाबाईंनी जागेश्वरला बोलावले.

"हे काही तुह्यं इंजिन नाही," श्यामराव बाजेवरून म्हणाले. "बिघडवलंस त माह्या गिरणीचं कामही बंद समज."

जागेश्वरचे अर्धे घर गिरणीच्या कामावर चाले. तरी तो म्हणाला, "पाहू त द्या जी."

त्याने बटण बंद केले, दार उघडे टाकले आणि आत गरम पाण्याचे पातेले ठेवले. श्यामरावांनी बर्फ फोडायला पेचकस पुढे केला.

"नोको जी. ह्या पत्र्याच्या पोटात नळ्या हायेत. टोचलं का संपलं."

दुपारपर्यंत बर्फ आपोआप सुटला. मग जागेश्वरने तबकात पेलाभर पाणी ओतले आणि बघत बसला.

"काहून रे, ध्यान लावून राहिला का?" श्यामरावांनी विचारले.

"पानी कुठून जाते ते पाहून राहिलो. धानाच्या बांधीतलं पानी निघालं नाही त धुऱ्याच्या बांधावरून उतू जाते. बर्फाचा दोष नाही जी, वाट अडली हाये."

तबकाच्या मागच्या कोपऱ्यात करंगळीएवढे भोक होते. सायकलच्या ब्रेकची जुनी तार त्याने टोक वळवून आत सारली, हलक्या हाताने फिरवली. बाहेर आला पिवळा लगदा. हळद लागलेले, फुगलेले तांदूळ!

रत्नाबाईंनी तोंडाला पदर लावला. "अगं बाई, माह्या अक्षता!" तीन दसरे त्यांनी फ्रीजची पूजा केली होती, आणि थंडावा आतून येतो म्हणून अक्षता बर्फाच्या कप्प्यावरच वाहिल्या होत्या.

"म्हंजे फ्रीजले तीन वर्सं जेवू घालून राहिली होतीस!" श्यामराव पोट धरून हसले.

"पूजा करा काकू," जागेश्वर गंभीरपणे म्हणाला, "पन बाहेरून."

त्याने पुन्हा पेलाभर पाणी ओतले. ते गडप झाले आणि फ्रीजमागच्या थाळीत टपकू लागले.

आठव्या दिवशी तो धाकधुकीतच पाहायला गेला. तबकात बर्फाचा कण नव्हता. श्यामरावांनी त्याला शेजारच्या खुर्चीवर बसवले, चहा सांगितला आणि नागपूरच्या कारागिराला लिहिलेले पोस्टकार्ड त्याच्यापुढे सरकवले. 'आता येण्याची तसदी घेऊ नये. आमच्या मिस्त्रीने काम केले आहे.'

जागेश्वरने कार्ड दोनदा वाचले. दुसऱ्यांदा तो 'आमच्या' या शब्दापाशीच बराच वेळ थांबला.