कुलपाचं तोंड दाराकडे

उदगीरची ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी माझीच मान खाली जाते. मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. बाजारपेठेतली बँकेची जुनी दगडी इमारत लातूरच्या एका व्यापाऱ्याने विकत घेऊन तिचं आलिशान हॉटेल करायला काढलं होतं. रोखपालाच्या खिडकीची नक्षीदार पितळी जाळी स्वागतकक्षात बसवायची म्हणून तिजोरीच्या खोलीत जपून ठेवलेली. एका सकाळी खोली उघडली तर जाळी गायब, कुलूप मात्र शाबूत.

एक किल्ली मामांकडे होती. मामा म्हणजे बँकेचे निवृत्त पहारेकरी, कपाळाला भस्म लावणारे साधे गृहस्थ. हॉटेलच्या दारावर त्यांनाच ठेवायचं ठरलं होतं. म्हाताऱ्याला भंगारवाल्याशी बोलताना पाहिलं, अशी खबर कंत्राटदाराच्या मुकादमाने दिली. दुसरी किल्ली त्या मुकादमाकडेच होती, पण खबर आणणाऱ्यावर मी संशयच घेतला नाही. मामांना ठाण्यात आणून बसवलं.

बराच वेळ विचारपूस केली. शेवटी म्हणालो, गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून सांगा. त्यांनी मान हलवली.

"ते पूजेचं हाय साहेब, साक्षीला काढत न्हाई. पर सकाळचं कुलूप माझ्या हातचं न्हवतं."

"कुलपावर सही असते का?" मी खेकसलो. शपथ टाळली म्हणजे पाणी मुरतंय, असं धरून मी अटकेचे कागद करायला सांगितले. मामा एवढंच पुटपुटले, "आता हॉटेलवाले मला दारात उभं करत नसतेत."

कागद करायला बसल्या आमच्या महिला हवालदार. बाई बोलायच्या कमी. लिहिता लिहिता थांबून त्यांनी मामांना विचारलं, तुमच्या हातचं कुलूप कसं असतं? खरं तर हे मी विचारायला हवं होतं. मामांनी सांगितलं, धूळ जाऊ नये म्हणून ते किल्लीचं भोक दाराकडे फिरवून ठेवतात. बँकेत असल्यापासूनची खोड. वास्तुकाराची माणसं रोज काम सुरू होण्याआधी प्रत्येक दाराचे फोटो काढत. बाईंनी ते मागवले. एकूण एक फोटोत भोक दाराकडे होतं. चोरीच्या सकाळी तेवढं बाहेर.

मुकादमासमोर दोन फोटो शेजारी ठेवले आणि त्याचं सगळं अवसान गळालं. जाळी अहमदपूरच्या एका गोदामात पोत्यांखाली मिळाली.

मी सगळ्या ठाण्यासमोर मामांची माफी मागितली. ते म्हणाले, "बाईंनी इचारलं म्हणून वाचलो. इचारलं की माणूस सांगतोच की."

नोकरीत मी अनेकांना बोलतं केलं, पण ऐकायला मला त्या दोघांनी शिकवलं. साहेब म्हणतात तर असेल, असं समजून बाई गप्प बसल्या असत्या, तर एक सरळ माणूस उरलेलं आयुष्य चोर म्हणून जगला असता आणि मी शाबासकी घेऊन मोकळा झालो असतो. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

हॉटेल सुरू झालं तेव्हा बाईंना बरोबर घेऊन गेलो. दारात फेटा बांधून मामा उभे होते. त्यांचा हात कपाळाकडे जायच्या आत मी खालच्या पायरीवरूनच त्यांना सलाम ठोकला.