मुख्याधिकारी मॅडमचा मुक्काम

आमच्या नगरपंचायतीला दीड वर्ष मुख्याधिकारी नव्हता. शेजारच्या गावचा साहेब आठवड्यातून दोनदा यायचा, सह्या ठोकायचा, जायचा. नळाला दहा दहा दिवस पाणी नाही आणि विचारायचं कुणाला? म्हणून मी पत्रक लिहिलं, ‘पूर्णवेळ मुख्याधिकारी द्या’. शहरात, छावणीतल्या छापखान्यात छापलं, आठवडी बाजारात वाटलं, चार दिवस उपोषणाला बसलो. शेवटी नेमणूक झाली. मॅडम आल्या. तिशीच्या आतल्या, मुसलमान, पहिलीच जागा.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी कोणत्या गल्लीला कधी पाणी सुटणार, ते कचेरीच्या भिंतीवर लिहून लावलं. आणि तसं सुटलंही.

त्याच आठवड्यात त्यांचा शिपाई खोली शोधत आमच्या दारी आला. आमच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. वडील आधी म्हणाले, “देऊ की, साहेब लोकच पाहिजेत.” मग त्यांनी नाव विचारलं. नाव ऐकल्यावर म्हणाले, “नाय जमायचं. आमचं शाकाहारी घर हाय.”

आमच्याकडं दर रविवारी मटण शिजतं. ते शिपायालाही ठाऊक होतं. तो “बरं” म्हणून चपला घालू लागला. मी तिथंच ओट्यावर चहा पीत बसलो होतो. सगळ्या गावाला जाब विचारणारा मी, बापाला एक शब्द बोललो नाही. घर त्यांचं आहे, असं मनाशी म्हटलं आणि चहा संपवला.

मॅडम शहरातून, गारखेड्यातून, रोज येऊन जाऊन करू लागल्या. एका संध्याकाळी मोठी पाइपलाइन फुटली आणि सकाळी त्या येईपर्यंत पाणी वाहत राहिलं. चौकात लोक मला म्हणाले, “तुझी मॅडम पाचला गाडीत बसती, लेका. ह्याच्यासाठी उपाशी बसला व्हय?” मला झोंबलं. मी दुसरं पत्रक लिहिलं, ‘मुख्याधिकारी मॅडम, आपला मुक्काम कुठं?’ मुख्यालयी राहण्याचा नियम ठळक अक्षरात टाकला.

छापखानेवाल्या चाचांनी मजकूर वाचला. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “भाई, गावात कुणी खोली दिली का तिला? पहिलं ते लिही ना.”

“तो विषय वेगळा आहे, चाचा.”

“व्हय. तो नेहमी वेगळाच असतो,” म्हणाले आणि त्यांनी कागद मशीनला लावला.

पत्रक वाटल्याच्या तिसऱ्या दिवशी मॅडमनी मला कचेरीत बोलावलं. पत्रक त्यांच्या टेबलावर होतं. मला वाटलं, चिडतील. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“नऊ घरं विचारली मी,” त्या म्हणाल्या. “तुमचं सातवं होतं. हे पत्रकात का नाही लिहिलंत?”

उत्तर नव्हतं असं नाही. होतं, आणि मी ते दिलं. “मॅडम, नियम म्हणजे नियम.”

त्यांनी मान हलवली. “बरोबर आहे तुमचं.” आणि पुढची फाईल ओढली.

ज्यांच्या चोरून घेतलेल्या नळजोडण्या मॅडमनी तोडल्या होत्या, त्यांना माझं पत्रक आयतंच मिळालं. तक्रारीला जोडून त्यांनी ते जिल्ह्याला पाठवलं. महिन्याभरात मॅडमची बदली झाली. शेजारच्या गावचा जुना साहेब पुन्हा आठवड्यातून दोनदा येऊ लागला. भिंतीवरचं वेळापत्रक कुणीतरी फाडलं.

त्याच लोकांनी चौकात माझा सत्कार ठेवला. ‘निर्भीड युवक’ म्हणून शाल, नारळ. वडील पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. माझ्या हातात माईक होता, समोर सगळा गाव होता, ती नऊच्या नऊ घरंही त्यातच होती. एक वाक्य पुरलं असतं.

मी पाणीप्रश्नावर बोललो. चांगलं बोललो. लोक म्हणाले, पोरगं लई परखड हाय.