पाय गेले, जीभ शाबूत होती

"बरोबर कोण आहे?" माजिवड्याच्या हॉस्पिटलमधले डॉक्टर माझ्या मागे बघत म्हणाले.

"कोणी नाही. जे काय असेल ते मलाच सांगा."

"गिया-बारे सिंड्रोम."

म्हणजे शरीराचं संरक्षण करणारी यंत्रणा स्वतःच्याच नसांवर तुटून पडते. लुळेपणा पायांपासून वर चढतो. छातीपर्यंत पोचला तर श्वास अडकतो.

मी नर्स. बावीस वर्षं कॅथलिक नन होते, मिशनच्या दवाखान्यात. आईला पक्षाघात झाला, तिच्याजवळ राहायची परवानगी मिळाली नाही, म्हणून व्रत सोडून बाहेर पडले. आईचं शेवटपर्यंत केलं. तेव्हापासून कळव्यात एकटी राहत होते आणि डोंबिवलीत अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचं करत होते.

सुरुवात चार दिवस आधी झालेली. माझ्या एका पेशंटचं, मेधाच्या सासऱ्यांचं, अंग पुसत होते आणि पायांना मुंग्या आल्या. वाटलं, उभं राहून आल्या असतील. दुसऱ्या दिवशी चप्पल पायातून निसटली तरी कळलं नाही. चौथ्या दिवशी जिना उतरवेना. तुम्हाला सांगते, मुंग्या अशा वर चढायला लागल्या तर वाट बघू नका. मी नर्स असून चार दिवस घालवले.

मणक्यातलं पाणी काढून तपासायचं होतं. फॉर्मवर नातेवाइकाची सही हवी म्हणाले. मी पेन मागितलं. "शुद्धीवर आहे मी. सही मीच करणार." वाकडी आली, पण माझी आली.

आयसीयूत पाच दिवस आयव्हीआयजी दिलं. म्हणजे निरोगी माणसांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं, सलाइनसारखी शिरेतून. डॉक्टर रोज एका श्वासात आकडे म्हणायला लावत. पहिल्या दिवशी बावीसपर्यंत गेले. तिसऱ्या दिवशी अकरावर थांबले. व्हेंटिलेटर उशाशी आणून ठेवला.

खरं सांगू? मला त्या यंत्रापेक्षा बेडपॅनची धास्ती होती. आयुष्यभर लोकांचं काढलं, पण माझं कोणी काढावं हे सहन होईना. रूपाली नावाची तरुण नर्स आली की मी तोंड फिरवायचे.

एकदा ती म्हणाली, "सिस्टर, तुमचे पेशंट असं करायचे तेव्हा तुम्हाला कसं वाटायचं?"

"वाईट वाटायचं गं."

"मग?"

मी मान वळवून तिच्याकडे बघितलं.

चौथ्या दिवशी आमच्या जुन्या मठाच्या प्रमुख, मदर सुपीरियर, भेटायला आल्या. हात धरून म्हणाल्या, "व्रत मोडलंस, देवाने थांबवलं. परत ये. आम्ही सांभाळू."

त्यात माया होती, मला कळत होतं. पण त्यातली शिक्षा घ्यायला मी तयार नव्हते.

"मदर, हा नसांचा आजार आहे. आईजवळ बसले म्हणून देव पाय काढून घेत असेल, तर मी त्याच्याशी भांडेन. पण माझा देव तसा नाही."

एवढं बोलायला तीनदा श्वास घ्यावा लागला. मदर उठल्या. माझी उशी नीट केली आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी आकडे चौदापर्यंत गेले, मग एकोणीसपर्यंत. व्हेंटिलेटर दुसऱ्या खाटेकडे नेला.

पायांनी मात्र महिने घेतले. डॉक्टर म्हणाले, "पूर्वीसारखं चालणं या वयात कठीण आहे."

"पूर्वीसारखं नको. संडासापर्यंत एकटीने जाता आलं की पुढचं मी बघते."

डिस्चार्जच्या दिवशी मेधा दारात उभी. "आता आमच्याकडे यायचं, सिस्टर. नाही म्हणायचं नाही." नकार तोंडावर आलेला, तो गिळला. तिच्या घरात एका खाटेवर सासरे, दुसऱ्या खाटेवर मी. रोज भिंत धरून चालायचे. पडले दोनदा. तिसऱ्यांदा पडले तेव्हा सासरेबुवा झोपल्या जागेवरून ओरडले, "उठा, सिस्टर!" उठले.

आता वॉकरने चालते. डावं पाऊल अजून घासतं. खुर्चीत बसून मेधाच्या सोसायटीतल्या बायकांना रुग्णाची कूस कशी बदलायची ते शिकवते. त्या म्हणतात, एवढं लोकांचं केलंत, आता आराम करा. मी ऐकत नाही.

खुर्चीतून उठताना मात्र मला आधार लागतो. तो मागते. मोठ्याने, खाली मान न घालता.