बाबांसाठी आणलेली टाकी

माशांची मला कधीच हौस नव्हती. बांगडा तव्यावर असेल तेवढाच माझा आणि माशांचा संबंध. तरीही दोन वर्षांपूर्वी ठाण्यात खोपटच्या माझ्या फ्लॅटमध्ये मी दोन फुटांची काचेची टाकी आणली, ती केवळ बाबांना अडकवून ठेवायला. कुणी विचारलं असतं तर मी तेव्हाही कबूल केलं असतं. बाबांनी विचारलं नाही, कारण त्यांना टाकी दारातून आत येतानाच कळलं होतं.

बाबा कल्याणजवळ मोहन्याला चाळीत एकटे राहत. मोरीत पाय घसरून पडले, मनगट मोडलं, आणि शेजारीण पेपर परत द्यायला आली तोवर तासभर ओल्या फरशीवर पडून होते. तो तास माझ्या डोक्यातून जात नव्हता. प्लास्टर घातलं त्याच दिवशी मी त्यांना ठाण्याला घेऊन आले आणि सांगितलं, "आता इथेच राहायचं." विचारलं नाही, सांगितलं. ते म्हणाले, "प्लास्टर निघालं की मी निघालो."

आमचं कधी पटलं नाही. ते हळू बोलतात आणि एकच वाक्य बोलतात, मी जोरात बोलते आणि थांबत नाही. आई होती तोवर ती मध्ये उभी राहायची. आता मध्ये कुणी नव्हतं, फक्त दिवसभरासाठी ठेवलेली बाई होती, आणि ती दोन दिवसांत बाबांच्या बाजूची झाली. मी नोकरीवर गेले की बाबा खिडकीत बसून समोरच्या डेपोत येणाऱ्या-जाणाऱ्या एसट्या बघायचे. मला वाटायचं, कल्याणची गाडी कुठली तेच बघतायत.

म्हणून टाकी. बाबांनी अख्खी नोकरी कारखान्याच्या पाणी विभागात काढलेली. नदीचं पाणी यायचं, हे तुरटी फिरवायचे, ब्लिचिंगचं माप टाकायचे आणि मग ते कॉलनीच्या नळांना जायचं. कॉलनीत कुणाच्या पोराला जुलाब झाले तर हे जेवायचे नाहीत. अशा माणसाला घरात पाणी दिलं तर तो रमेल, असा माझा हिशेब.

दुकानातून मी टाकी आणली, रंगीत खडे, पाणी गाळायचा स्पंजचा फिल्टर, आणि त्याच दिवशी मासेही. दोन गोल्डफिश, दोन एंजल, चार गप्पी, दोन काळे मॉली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, कुछ नहीं होता, ये दवाई के चार बूंद डालो और छोड दो." बाबा सोफ्यावरून म्हणाले, "पाणी आधी मुरू दे. एवढे एकदम नको." मी म्हणाले, "बाबा, तो धंदा करतो, त्याला जास्त कळतं." आणि पिशव्या फोडून मासे सोडले. बाबा परत खिडकीत जाऊन बसले.

चौथ्या दिवशी पाणी दुधट झालं. ताकाच्या निवळीसारखं. माझी चिडचिड सुरू झाली, कारण मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते आणि बाबा एक अक्षर न बोलता त्यांच्याकडे बघत होते. त्यांचं न बोलणं मला नेहमीच आरोपासारखं लागतं. "काय ते बोला ना," मी म्हणाले. ते म्हणाले, "गढूळ पाणी म्हणजे आजारी पाणी."

दुसऱ्या दिवशी मी संध्याकाळी घरी आले आणि दारातच थांबले. टाकी लखलखत होती. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर तिच्या आरपार वाचता येत होतं. बाबांनी बाईला हाताशी घेऊन सगळी टाकी उपसली होती. मासे बादलीत. खडे ब्लिचिंगच्या पाण्यात बुडवून, मग पाच वेळा धुऊन. फिल्टरचा तपकिरी, चिकट झालेला स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढराशुभ्र. नवीन पाणी भरून, वास घेऊन, औषध टाकून, मगच मासे परत सोडलेले. एका हाताने. प्लास्टरला प्लास्टिकची पिशवी बांधली होती. ते मला म्हणाले, "बघ." इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. मीही खूश झाले. त्या रात्री जेवताना ते कारखान्यातल्या वाळूच्या फिल्टर बेडबद्दल, जुन्या साहेबाबद्दल, एका पावसाळ्यात नदीचं पाणी कसं लाल आलेलं त्याबद्दल बोलले. मला वाटलं, राहिले.

मग मासे मरायला लागले. आधी गप्पी, मग एंजल. बाबा रोज सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणतात, टाकी आल्यापासून तिच्याजवळच्या खुर्चीत बसून म्हणायचे. त्यानंतर मेलेला मासा चमच्याने काढून गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत पुरायचे आणि माती थोपटायचे. आणि पुन्हा पाणी बदलायचे, पुन्हा स्पंज धुवायचे. जितके मासे मरत, तितकी टाकी जास्त चमकत होती.

आठ मेल्यावर मी कल्याणला एका जुन्या दुकानात गेले. म्हातारा मराठी माणूस, स्टुलावर बसलेला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, माशांच्या घाणीचं पाण्यात विष होतं. ते खाणारे जंतू त्या चिकट स्पंजात आणि खड्यांवर वाढतात. महिना लागतो वाढायला. तुम्ही ते ब्लिचिंगने मारले." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आणि दोन फुटांत पहिल्याच दिवशी दहा मासे? गोल्डफिशसोबत एंजल? हे धुतलं नसतं तरी मेलेच असते. मारायलाच घेतलेले का?"

घरी येईपर्यंत मी त्याचं दुसरं वाक्य गिळून टाकलं होतं आणि पहिलं तेवढं हातात ठेवलं होतं.

बाबा टाकीजवळच बसलेले. नववा मासा त्यांच्या तळहातावर होता, एक मॉली. मी चपलाही काढल्या नाहीत. मी म्हणाले, "तुम्ही मारलेत. सगळे. तुमच्या त्या धुण्याने. अख्खी नोकरी पाण्यात काढलीत आणि पाणी कळलं नाही तुम्हाला." एवढ्यावर थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. "सकाळी शील म्हणायचं, प्राणी मारणार नाही, आणि दुपारी ब्लिचिंग ओतायचं."

बाई स्वयंपाकघरात भांडी घासायची थांबली. बाबांनी तो मासा नेऊन पुरला. हात धुतले. मग आत जाऊन कपाटातून आपले तीन शर्ट काढले आणि एका हाताने घड्या घालायला लागले. प्लास्टर निघायला अजून आठ दिवस होते.

"हे काय नाटक?" मी म्हणाले. खरं तर मी घाबरले होते, पण माझ्या तोंडून भीतीसुद्धा भांडणासारखीच निघते. "तिथे परत पडलात तर? कोण उचलणार?"

त्यांनी शर्टाची कॉलर सरळ केली. मग म्हणाले, "तिथे पडलो तर तासभर पडून राहीन गं. पण वरून ओरडायला कोणी नसतं."

मी पलंगाच्या कडेला बसले. आणि मग त्या म्हाताऱ्याचं सगळं सांगितलं, जंतूंचं, महिन्याचं, आणि ते गिळलेलं वाक्यही. की मासे तुमच्यामुळेच मेले असं नाही. एवढे एकदम आणले तेव्हाच मेले होते. तुम्ही पहिल्या दिवशी बरोबर बोललेलात.

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला हरवायचं होतं," मी म्हणाले. खरं तेवढंच होतं. मला लाज वाटली. पण ती इतकी उशिरा वाटली की तिचा कुणाला उपयोग नव्हता.

ते रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "महिना लागतो म्हणाला? जंतूंना?" मी हो म्हणाले. "आणि स्पंज धुवायचाच नाही?" टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात हलकासा खळबळायचा, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. आयुष्यभर ज्यांना मारायचा पगार घेतला त्यांनाच आता पोसायचं, हे त्यांनी माझ्यापेक्षा फार शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, आता घड्या मोडतील.

त्यांनी पिशवीची चेन लावली. म्हणाले, "रिक्षा बोलाव. आणि तो उरलेला काळा मासा मला दे. तुझ्याकडे जगायचा नाही तो."

मी रिक्षा बोलावली. मासा झाकणाच्या डब्यात घातला, टाकीतलंच पाणी भरलं. फिल्टरही ते घेऊन गेले, न धुता, प्लास्टिकच्या पिशवीत ओला. मोहन्यापर्यंत डबा मांडीवर धरून बसले. मी मोरीत रबराची चटई टाकली, भिंतीला धरायला दांडा लावून घ्यायची सोय केली, शेजारणीला चावी दिली. ते "बरं" म्हणाले. राहा म्हणाले नाहीत. टाकी मी नंतर पाठवली.

तो मॉली अजून आहे, चांगला जाडजूड झालाय. टाकीत त्याला एका वेळी एक असे तीन सोबती आलेत, प्रत्येक वेळी महिनाभर थांबून. पाणी काही कॅलेंडर वाचण्याइतकं स्वच्छ नसतं, काचेच्या कडेला हिरवट थर असतो आणि बाबा तो पुसत नाहीत. रविवारी मी जाते. त्यांना खायला करून नेते, आवाज खाली ठेवते, जेवढा जमेल तेवढा. मागच्या रविवारी तो मासा वर आला म्हणून मी सहज पाण्याकडे बोट नेलं, तर बाबांनी माझं मनगट धरलं. जोरात नाही.

"लांबून बघ," ते म्हणाले.

मी खुर्ची मागे ओढली आणि लांबून बघत बसले.