चाळीस पावलांवरचा झेब्रा

“हे काय घासलंय? अरे, हे काय घासलंय?”

“दादा, हळू बोल.”

“तारेच्या ब्रशनं घासलंय ना? या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं! इथून काय गाड्या जातात की रोड रोलर?”

“जुनं दिसायला हवं म्हणून घासलं. फोनवर सांगितलं होतं तुला.”

“जुनं असं दिसतं? चाकं जिथून जातात तिथला रंग आधी उडतो. दोन वाटा पडतात चाकांच्या. मधला राहतो, कडेचा तर हलतसुद्धा नाही. सव्वीस वर्षं या धंद्यात घालवलीस आणि रंग कसा मरतो ते माहीत नाही तुला?”

“म्हणून तर तुला बोलावलं! अर्ध्या तासात नगरपालिकेच्या मॅडम तपासायला येतील. तेवढ्यात नीट करून टाक. तुझा हात लागला की कुणाच्या बापाला कळणार नाही.”

“आपला बाप एकच आहे. त्याला यात ओढू नकोस.”

सोमवार होता, सकाळचे साडेनऊ. हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्यावर दोन सख्खे भाऊ झेब्रा क्रॉसिंगच्या दोन बाजूंना उभे राहून भांडत होते. मधून गाड्या जात होत्या, त्यामुळे निम्मं वाक्य गाडीच्या आधी आणि निम्मं गाडीनंतर, असं भांडण चाललं होतं. धाकटा म्हणजे रस्त्यावरचे पट्टे मारण्याचा ठेकेदार. थोरला त्याच्याकडचा मुकादम. थोरल्याला सगळे दोरी म्हणत, कारण खडूच्या भुकटीत घोळलेली सुताची दोरी कायम त्याच्या खिशात असे आणि त्या खिशाला कायम पांढरा डाग. दोरी रस्त्यावर ताणायची, मधे चिमटीत धरून टणकन सोडायची, की डांबरावर सरळ रेघ उठायची. त्याच्या रेघेला पट्टी लावून बघायची हिंमत कुणी केली नव्हती.

दोरी खाली वाकला. बोटानं पट्टा खरवडला आणि बोट नाकाशी नेलं.

“जळकं ऑईल ओतलंस वर?”

“थोडं. काळपटपणा यावा म्हणून.”

“श्शी!” त्यानं बोट पँटला पुसलं, मग पुन्हा पुसलं. “आणि हे बघ. हे दिसतंय का तुला? पाइपासाठी गेल्या वर्षी इथे चर खणला होता. तो बुजवला, वर नवं डांबर ओतलं. तुझा दोन वर्षांपूर्वीचा पट्टा त्या डांबराच्या वरून गेलाय. काय रे, पट्टा आधी हवेत मारून ठेवला होतास आणि चर बुजल्यावर खाली सोडलास?”

धाकट्यानं वाकून पाहिलं. त्याचं तोंड उतरलं.

“खरवड. तेवढं खरवडून टाक, दादा.”

“तू खरवड.”

आता हा झेब्रा एका रविवारी सकाळी का उगवला, ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी धाकट्याला चौदा झेब्र्यांचं काम मिळालं होतं. तेरा मारून झाले. चौदावा याच रस्त्यावर, हॉस्पिटलच्या धोबीखान्याच्या दारासमोर मारायचा होता. माल संपला. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर मुकादमाची सही लागते. धाकटा कागद घेऊन आला आणि म्हणाला, “मार सही. चौदावा मारू नंतर. तसंही आपल्याकडे झेब्र्यावर थांबतंय कोण?” दोरी हसला. चांगला खळखळून हसला आणि त्यानं सही केली. चौदावा झेब्रा दोघंही विसरले.

मग गेल्या गुरुवारी धोबीखान्यात चादरी धुणारी एक बाई पाळी संपवून दाराबाहेर पडली, रस्ता ओलांडायला लागली, आणि एका गाडीनं तिला उडवलं. पाय दोन ठिकाणी मोडला. पोलिसांनी नगरपालिकेला विचारलं, या रस्त्यावर झेब्रा आहे का? कागद म्हणाला, आहे. कागदावर रस्त्याचं नाव होतं, जागा नव्हती. आपल्याकडचा नियम असा, की जवळ झेब्रा असताना तो सोडून भलतीकडून ओलांडलं तर चूक चालणाऱ्याची. झेब्राच नसेल तर गाडीवाल्याला उत्तर द्यावं लागतं. कागद खोटा निघाला तर ठेका जाणार, म्हणून धाकट्यानं डोकं चालवलं. धोबीखान्याच्या दारासमोर पट्टे मारले तर तिथली पन्नास माणसं बोंब ठोकतील, की काल तर इथे काही नव्हतं. म्हणून दारापासून चाळीस पावलांवर, शवागाराच्या मागच्या भिंतीसमोर, जिथे कुणी वळूनही बघत नाही, तिथे त्यानं झेब्रा मारला. कागद खरा झाला आणि बाई खोटी ठरली.

दोरीला तो झेब्रा बघून ओकारी आल्यासारखं झालं. खरं तर गेलं वर्षभर त्याला हे होत होतं. बायको म्हणायची, “मुलीकडे गेले ते चांगले गेले, येताना किळस घेऊन आले.” तिचं काही खोटं नव्हतं. त्याची मुलगी दूरदेशी असते, तिथे रस्त्याच्या उलट्या बाजूनं गाड्या चालतात. दोन महिने तो तिच्याकडे राहून आला. गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो घराजवळच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला, तिथले पट्टे बघायला. रंग किती जाड घालतात, रात्री चमकायला काचेची बारीक भुकटी किती टाकतात, हे धंद्यातल्या माणसानं बघणारच. तर एक गाडी थांबली. दोरीला वाटलं, बंद पडली. मग समोरून येणारी थांबली. मग तिच्या मागची. दोरीनं इकडेतिकडे पाहिलं. कुणी मंत्रीबिंत्री जातोय का? मग त्यानं मुकादमी हात केला, चला, चला, पुढे चला. गाडीवालीनं आतून हात केला, तुम्ही चला. यानं परत हात केला. तिनं परत केला. कुणी हॉर्न वाजवेना. शेवटी लाजेनं बिचारा पलीकडे गेला. पलीकडे काही काम नव्हतं म्हणून लगेच परत यायला निघाला, तर पुन्हा सगळ्या गाड्या थांबल्या.

जावई घरातून धावत आला. “बाबा, ओलांडायचं नसेल तर तिथे उभं राहायचं नाही हो!”

“मी पट्टे बघत होतो.”

“लांबून बघा! तुम्ही कडेला उभे राहिलात की त्यांना थांबावंच लागतं.”

“आणि नाही थांबले तर?”

“लायसन जाईल.”

“समजा, मी पट्ट्यावर नसतोच. भलतीकडूनच घुसलो आणि मला धक्का लागला. मग?”

“तरी पहिलं उत्तर गाडीवाल्यानं द्यायचं. तो लोखंडात बसलाय ना.”

मुलगी म्हणाली, की शेजारच्या देशात याच्या उलट आहे, तिथे भलतीकडून ओलांडलं तर चालणाऱ्यालाच दंड करतात, अगदी रिकाम्या रस्त्यावरसुद्धा. आणि एके ठिकाणी म्हणे लाल दिवा असतानाही वळायला परवानगी असते. दोरी ऐकत राहिला. नियम देशादेशात वेगळे असतात, त्याचं त्याला काही वाटलं नाही. त्याला वाटलं ते दुसरंच. इतकी वर्षं आपण जे मारत आलो ते इथे लोक वाचतात! उभ्या आयुष्यात त्याला आपले पट्टे कुणी वाचताना दिसलं नव्हतं. रंग ओला असतानाच त्यावरून गाड्या जायच्या, आणि वर ओरडायच्या, ए, टायर खराब झाले!

परत आला आणि त्याला सगळ्याचीच घाण वाटायला लागली. झेब्र्यावर गाडी लावून आत बसून दात कोरणाऱ्या माणसाची. पट्ट्यावर नेम धरून थुंकणाऱ्याची. म्हाताऱ्या बाईला रस्त्याच्या मधोमध अडकवून दोन्हीकडून हॉर्न मारणाऱ्यांची. सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच मागून गुरगुरणाऱ्या गाड्यांची. “गटारात पाय पडल्यासारखं तोंड करून हिंडू नका,” बायको म्हणायची. “पाय गटारातच आहे गं,” तो म्हणायचा.

काल, रविवारी, धाकट्याचा फोन आला, “उद्या ये, जरा हात फिरवायचाय.” आणि त्यानं झेब्र्याची हकिकत सांगितली. फोन ठेवून दोरी तडक हॉस्पिटलात गेला. धोबीखान्यातली बाई खाटेवर पडली होती, पायाला वजन टांगलेलं. सोळा वर्षं ज्या चादरी तिनं धुतल्या, त्यातलीच एक अंगाखाली.

“तुम्ही कुठले? पोलिसातले?” तिनं विचारलं.

“नाही, ताई. मी रस्त्याचं काम करतो.”

“मग तुम्हीच सांगा. आलागेला प्रत्येक जण मला एकच विचारतोय, तू धावलीस का? धावले तर धावले म्हणून दोष, नाही धावले तर का नाही धावलीस म्हणून दोष. अहो, सोळा वर्षं तोच रस्ता ओलांडतेय. गाडी यायची, आपण थांबायचं. ती गेली की पळायचं. मला काय ओलांडता येत नाही?”

“येतं, ताई.”

“आता म्हणतात, पुढे पट्टे आहेत, तिथून का नाही गेलीस. कुठे आहेत हो पट्टे? मी तर कधी बघितले नाहीत. डोळे फुटलेत का माझे? सोळा वर्षं?” मग ती हळूच म्हणाली, “की असतील? मीच कधी मान वर करून बघितलं नसेल?”

तिचं ते शेवटचं वाक्य घेऊन दोरी रात्रभर जागा होता. तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा सोळा वर्षांचा विश्वास आपण एका रविवारात काढून घेतला. स्वतःची सही आठवली. सहीपेक्षाही ते हसणं आठवलं. त्याची त्याला सगळ्यात जास्त किळस आली.

“आल्या, आल्या,” धाकट्यानं पलीकडून खूण केली.

इंजिनिअर मॅडम स्कूटरवरून उतरल्या. तोंडाला रुमाल, हातात कागद अडकवलेली पाटी. त्यांनी आधी फोटो काढला आणि मग पट्ट्यांकडे पाहिलं.

“मुकादम तुम्हीच ना? पूर्ण झाल्याच्या कागदावर सही तुमची आहे?”

“माझीच.”

“बरं. मला फक्त आहे की नाही एवढं लिहायचंय. आहे, दिसतंय.” त्यांनी पेन काढलं.

“कालचा आहे,” दोरी म्हणाला.

“दादा!”

“काय म्हणालात?”

“कालचा आहे, मॅडम. काल सकाळी मारला. चालत या इकडे. हा चर बघा, गेल्या वर्षीचा. पट्टा वर आहे. हात लावून बघा, ऑईल अजून चिकट आहे.”

मॅडमनी हात लावला नाही. चपलेच्या टोकानं दाबून पाहिलं. चपलेला काळं लागलं, तसं त्यांनी तोंड वाकडं केलं.

“आणि दोन वर्षांपूर्वी?”

“काही नव्हतं. सही खोट्या कामावर केली मी.”

“काका, हे लिहिलं तर तुमच्यावर येईल. यांचा ठेका तर जाईलच. तुम्हाला पुन्हा कुठे घेणार नाहीत. मी फोटो काढलाय, फोटोत झेब्रा आहे. तुम्ही बोललातच नाही असं मी समजू शकते.”

“समजू नका. लिहा.”

“तुम्हीच लिहून द्या. तुमच्या हातानं.”

दोरीनं स्कूटरच्या सीटवर कागद ठेवला. सावकाश लिहिलं, प्रत्येक अक्षर सारख्या उंचीचं, दोन ओळींमधलं अंतर मोजून ठेवल्यासारखं. खाली सही केली. मॅडमनी कागद पाटीला लावला आणि स्कूटर सुरू करून त्या निघून गेल्या.

गाड्या येत होत्या, जात होत्या. नव्या झेब्र्यावर एकही थांबली नाही.

“झालं समाधान?” धाकट्याचा आवाज फाटला. “सव्वीस वर्षं! तुला मी मुकादम केलं. तुझी मुलगी तिकडे शिकायला गेली ती कुणाच्या जिवावर? दोन महिने फिरून आलास आणि साहेब झालास? तिकडचे कायदे तिकडे! इथे जगायचंय आपल्याला. इथे!”

“ती बाईपण इथेच जगते.”

“बाई, बाई! तुझी कोण लागते रे ती?”

“तुझी कोण लागते, की तिला चाळीस पावलं चालायला लावलीस?”

“मी तिच्यावर गाडी घातली का? मी घातली?”

“नाही. तू नाही घातलीस.” दोरी रस्ता ओलांडून त्याच्यापाशी आला. पहिल्यांदाच दोघं एका बाजूला उभे होते. “एक सांग मला. गुरुवारपासून आज सोमवार. तिला बघायला गेलास?”

धाकट्यानं बाइकच्या हँडलला अडकवलेलं हेल्मेट काढलं.

“इथून हाकेवर आहे ती. याच भिंतीच्या पलीकडे, तळमजल्यावर. चाळीस पावलं मोजून आलास, तेवढी आत नाही गेलास? कुठला पाय मोडलाय तिचा? एवढं तरी माहीत आहे तुला? डावा की उजवा?”

धाकट्यानं बाइकला किक मारली, हेल्मेट कोपरात अडकवलं आणि उलट्या दिशेनं, येणाऱ्या गाड्यांच्या अंगावर हॉर्न मारत, निघून गेला.